पोर्तुगालमध्ये लोकशाही कोणी आणली? परराष्ट्र धोरणाची एक गुंतागुंतीची गोष्ट

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी नाटो या लष्करी युतीच्या करारावर सह्या केल्या. कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या तिन्ही तत्त्वांचा उल्लेख आहे, आणि त्यांच्यावर उभा असलेला वारसा जपण्याची ग्वाही आहे. सह्या करणाऱ्या बारांमध्ये पोर्तुगालही होता. तिथे सालाझारला पंतप्रधान होऊन सतरा वर्षं झाली होती. वर्तमानपत्रं छापण्याआधी तपासून घ्यावी लागत, गुप्त पोलिसांची दहशत होती आणि निवडणुका होत त्या नावापुरत्या. गोव्यातल्या राष्ट्रीय चळवळीचे जनक टी. बी. कुन्हा त्या दिवशी लिस्बनच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या पेनिश किल्ल्यात कैदेत होते. १९४६ च्या आंदोलनानंतर लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा सुनावून बोटीने तिकडे धाडलं होतं.

मग लोकशाहीच्या कराराला हुकूमशहाची सही कशी चालली? कारण आझोर्स. अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावर असलेली ही बेटं पोर्तुगालची, आणि तिथला लाजेसचा विमानतळ अमेरिकेला हवा होता. युरोपात सैन्य पोहोचवायचं तर मधे इंधन भरायला दुसरी सोयीची जागा नव्हती. या धावपट्टीची किंमत पुढे गोव्यानेही मोजली. १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त निवेदनात गोव्याचा विषय ‘पोर्तुगीज प्रांत’ या शब्दांत आला आणि दिल्लीत संतापाची लाट उसळली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने मागे फिरावं असा ठराव आणला. तो अडवला सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने. म्हणजे लोकशाही देश हुकूमशहाच्या बाजूने आणि एकपक्षीय देश भारताच्या बाजूने, असा तो मामला होता.

एवढं वाचल्यावर परदेशात लोकशाही रुजवण्याच्या गप्पा म्हणजे निव्वळ ढोंग, असा निकाल देऊन मोकळं होता येईल. पण इतिहास इतका सरळ नाही. या विषयावर लिहिणारे लोक यशाचं उदाहरण म्हणून ज्या देशांची नावं घेतात, त्यात हाच पोर्तुगाल वरच्या क्रमांकावर असतो. १९७४ ते १९८६ या बारा वर्षांत तिथे जे घडलं ते नीट पाहिलं की परराष्ट्र धोरणाच्या हातात या बाबतीत काय आहे आणि काय नाही, ते बऱ्यापैकी कळतं.

आधी साधनं कोणती ते पाहू. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे शब्द: निषेधाचं पत्रक, राजदूताला बोलावून सुनावणं, संयुक्त राष्ट्रांतलं मतदान. त्यानंतर माणसं आणि पैसा: निवडणूक निरीक्षक, पत्रकारांना आणि पक्ष कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, मतदारयाद्या करायला मदत, स्वयंसेवी संस्थांना अनुदान. तिसरं निर्बंध, म्हणजे व्यापार तोडणं किंवा ठरावीक माणसांची खाती गोठवणं, त्यांना व्हिसा नाकारणं. चौथं, एखाद्या फायद्याच्या गटात घ्यायचं पण अट घालून. पाचवं साधन फौज. हे शेवटचं सगळ्यात जास्त गाजतं म्हणून लोकांना वाटतं की लोकशाहीचा प्रसार म्हणजे इराकच. प्रत्यक्षात मंत्रालयांचा बहुतेक वेळ पहिल्या चार गोष्टींत जातो, आणि त्यातही माझ्या मते खरा दम आहे तो चौथ्यातच.

आता पोर्तुगालकडे वळू, पण तिथे पोहोचण्याआधी थोडं जर्मनीत थांबावं लागेल. पश्चिम जर्मनीत प्रत्येक मोठ्या पक्षाशी जोडलेलं एक प्रतिष्ठान असे. सोशल डेमोक्रॅटांचं फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठान, ख्रिश्चन डेमोक्रॅटांचं कोनराड आडेनाउअर प्रतिष्ठान, उदारमतवाद्यांचं फ्रीडरिश नाउमान प्रतिष्ठान. पैसा मुख्यतः सरकारी तिजोरीतला, कारभार मात्र स्वतंत्र. कारण उघड आहे. वायमार प्रजासत्ताक, म्हणजे हिटलरच्या आधीची जर्मन लोकशाही, कसं कोसळलं हे जर्मनांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. संविधान कितीही चांगलं लिहिलं तरी ते चालवणारे पक्ष आणि ते समजणारे नागरिक नसतील तर त्याचा उपयोग नाही, हा त्यातून घेतलेला धडा. एबर्ट प्रतिष्ठान मुळात १९२५ मधलं, नाझींनी ते बंद पाडलं होतं आणि युद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं. अशा संस्थेचा परराष्ट्र धोरणात एक मोठा फायदा असतो. सरकारला सालाझारच्या वारसाशी नाटोच्या टेबलावर बसावं लागतं. राजदूत विरोधी पक्षाच्या माणसाबरोबर चहा प्याला तरी तक्रारीचं पत्र येतं. प्रतिष्ठानाला ही अडचण नाही. ते कोणालाही भेटू शकतं.

१९ एप्रिल १९७३ रोजी पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन, तिच्यापासून फार लांब नसलेल्या बाड म्युन्स्टरआयफेल या छोट्या गावात, एबर्ट प्रतिष्ठानाच्याच वास्तूत, काही पोर्तुगीज समाजवादी जमले. काही पॅरिससारख्या शहरांत निर्वासित म्हणून राहणारे, काही पोर्तुगालमधून आलेले. प्रश्न एकच होता: आपल्या छोट्या गटाचा रीतसर पक्ष करायचा का? मतदान झालं. वीस बाजूने, सात विरोधात. विरोधात मत देणाऱ्यांत मारिया बारोसो होत्या, म्हणजे पक्षाचे नेते मारियो सोआरेस यांच्या पत्नी. पोर्तुगालचा आजचा समाजवादी पक्ष जन्मला तो असा, परक्या देशात, परक्यांच्या छपराखाली, सत्तावीस मतांवर. त्या वेळी कोणी यावर पैज लावली नसती.

बरोबर एक वर्ष आणि सहा दिवसांनी, २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे, लिस्बनमध्ये रणगाडे रस्त्यावर आले. हे घडवलं कोणी? वॉशिंग्टनने नाही, बॉनने नाही, मॉस्कोनेही नाही. ते घडवलं पोर्तुगालच्याच कॅप्टन आणि मेजर हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यांनी. अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये १९६१ पासून वसाहती टिकवण्यासाठी लढाई चालली होती. एकेक अधिकारी तीनतीनदा, चारचारदा आफ्रिकेत जाऊन आला होता आणि ही लढाई जिंकता येणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. त्यांच्या मनात गोव्याचीही आठवण होती. १९६१ मध्ये सालाझारने गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांना शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम सोडला होता. हाताशी तीन-साडेतीन हजार सैनिक, समोर भारताचं सैन्य. त्यांनी शरणागती पत्करून माणसं आणि शहरं वाचवली, आणि मायदेशी परतल्यावर सालाझारने त्यांनाच सैन्यातून काढून टाकलं. राजकारण्यांचा हट्ट आणि खापर सैन्यावर, हे आता गिनीत पुन्हा होणार अशी भीती अधिकाऱ्यांत होती. क्रांतीनंतर वासालो ई सिल्वा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला.

त्या दिवसाबद्दल फुलांच्या कथा खूप सांगितल्या जातात. बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोवली गेली हे खरंच आहे, पण गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या आणि चार माणसं मारली हेही खरं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काशियास आणि पेनिशचे तुरुंग उघडले. काशियास हे नाव मराठी वाचकांना परकं नसावं. बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेलेले सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही तिथेच डांबलेले होते. त्यांची सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये, गोव्यावर तिरंगा फडकून सात वर्षं उलटल्यावर.

तर पहिला मुद्दा इथेच स्पष्ट होतो. हुकूमशाही पाडली ती आतल्यांनी. बाहेरच्यांचं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते मुळीच सोपं नव्हतं, कारण हुकूमशाही गेली म्हणजे लोकशाही आली असं होत नाही. मधल्या रिकाम्या जागेत जो संघटित असतो तो शिरतो. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये खरीखुरी संघटना होती ती कम्युनिस्टांची. त्यांनी चाळीस वर्षं भूमिगत राहून, तुरुंग भोगून ती बांधली होती, आणि मॉस्कोचा पाठिंबा त्यांना होताच. सोआरेस यांच्या पक्षाकडे कार्यालयंही धड नव्हती. त्यात आफ्रिकेतून पाच लाखांवर लोक परतू लागले. नव्वद लाखांच्या देशात हे केवढं ओझं! बँका आणि मोठे उद्योग सरकारजमा झाले, दक्षिणेकडे शेतमजुरांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, आणि लष्करातच तीन-चार तट पडले.

या गोंधळात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी पोर्तुगालची आशा सोडली होती. ऑक्टोबर १९७४ मध्ये सोआरेस वॉशिंग्टनला गेले तेव्हा किसिंजर यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही केरेन्स्की ठरणार. केरेन्स्की म्हणजे १९१७ मध्ये लेनिनने उलथवलेल्या रशियन सरकारचे मवाळ पंतप्रधान. मला केरेन्स्की व्हायचं नाही, असं सोआरेस म्हणाले. त्यावर किसिंजर यांचं उत्तर: केरेन्स्कीलाही व्हायचं नव्हतं. किसिंजर यांचा हिशेब असा होता की पोर्तुगाल कम्युनिस्टांच्या हाती गेला तर जाऊ द्या. त्याची अवस्था बघून इटली आणि फ्रान्स तरी शहाणे होतील. हेच किसिंजर तीन वर्षांपूर्वी, पूर्व पाकिस्तानात निवडणूक जिंकलेल्या अवामी लीगवर याह्याखानाने रणगाडे सोडले तेव्हा, ढाक्यातल्या आपल्याच वाणिज्य दूताचा निषेध बाजूला सारून गप्प बसले होते. तेव्हा त्यांचं हे बोलणं कोणाला नवलाचं वाटू नये.

चक्र फिरलं ते लिस्बनमधल्या अमेरिकी राजदूतामुळे. फ्रँक कार्लुची जानेवारी १९७५ मध्ये तिथे पोहोचले. ते याआधी ब्राझीलमध्ये राहिलेले, त्यामुळे भाषा येत होती. ते गावोगाव फिरले, पाद्र्यांशी, अधिकाऱ्यांशी, सोआरेस यांच्या लोकांशी बोलले, आणि वॉशिंग्टनला कळवत राहिले की इथली बहुसंख्य जनता कम्युनिस्ट नाही, निवडणूक होऊ द्या, मवाळांना मदत करा, देशाला वाळीत टाकू नका. किसिंजर ऐकेनात. कार्लुचींचा प्रिन्स्टन विद्यापीठातला जुना मित्र डोनाल्ड रम्सफेल्ड तेव्हा अध्यक्ष फोर्ड यांचा चीफ ऑफ स्टाफ होता. ती ओळख कामी आली आणि त्यांचं म्हणणं वरपर्यंत पोहोचलं. परराष्ट्र धोरण म्हणजे मोठमोठ्या सिद्धांतांचा खेळ, असं मानणाऱ्यांनी कॉलेजातल्या दोस्तीचं हे प्रकरण जरूर लक्षात ठेवावं.

२५ एप्रिल १९७५ ला संविधान सभेची निवडणूक झाली. सुमारे ९२ टक्के मतदान झालं. समाजवाद्यांना जवळपास ३८ टक्के मतं, मध्यममार्गी पीपीडी पक्षाला २६, कम्युनिस्टांना साडेबारा. या आकड्यांनी वाद संपला नाही, कारण सत्ता अजून लष्करी परिषदेच्या हाती होती, पण आता मतपेटीतून आलेली गोष्ट डावलणं कोणालाच सोपं राहिलं नाही.

युरोपने आपलं वजन टाकलं ते याच उन्हाळ्यात, आणि इथे कुशलता दिसते. जुलै १९७५ मध्ये युरोपीय समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपीय युनियनच्या आधीच्या रूपाच्या, नेत्यांनी जाहीर केलं की पोर्तुगालला मदत करायची तयारी आहे, मात्र बहुपक्षीय लोकशाही असेल तरच. ऑगस्टच्या सुरुवातीला स्टॉकहोममध्ये स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी युरोपातल्या समाजवादी नेत्यांना बोलावलं आणि पोर्तुगालच्या पाठीशी उभं राहण्यासाठी पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जर्मन पक्षाकडून आणि प्रतिष्ठानाकडून सोआरेस यांच्या पक्षाला पैसा, छपाईची सोय आणि प्रशिक्षण मिळत राहिलं. पुढे लिस्बनमधलं सरकार मवाळांकडे झुकल्यावर, ऑक्टोबरमध्ये, समुदायाने १८ कोटी हिशेबी एककांचं (हे समुदायाचं तेव्हाचं हिशेबाचं चलन) तातडीचं कर्ज मंजूर केलं. आधी अट, मग अटीच्या दिशेने पाऊल, मग पैसे. क्रम महत्त्वाचा. २५ नोव्हेंबरला डाव्या गटातल्या छत्रीधारी सैनिकांनी उठाव केला, तो रामाल्यो एआनेश यांच्या नेतृत्वाखालच्या सैनिकांनी मोडून काढला. म्हणजे निर्णायक क्षणी पुन्हा पोर्तुगीजच. पण त्यांच्या मागे कोण उभं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हे सगळं निव्वळ लोकशाहीच्या प्रेमापोटी झालं असं समजायचं कारण नाही. शीतयुद्ध नसतं तर बॉनने एवढी तसदी घेतली असती का, शंकाच आहे. पण हेतू मिसळलेले असले म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. नव्या पोर्तुगालने पहिल्याच वर्षी काय केलं पाहा: ३१ डिसेंबर १९७४ रोजी परराष्ट्रमंत्री सोआरेस दिल्लीत आले आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांच्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही करून गेले. तेरा वर्षांचं भिजत घोंगडं आठ महिन्यांत निकालात निघालं.

मात्र कर्ज आणि छपाईयंत्रं एका निवडणुकीपुरती. पुढच्या दहा वर्षांत लोकशाही टिकवली ती दुसऱ्याच गोष्टीने. युरोपीय समुदायाने फार आधीच एक पायंडा पाडला होता: जो लोकशाही नाही त्याला आत जागा नाही. १९६२ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने संबंध जोडण्यासाठी अर्ज केला, तर त्याला नीट उत्तरही मिळालं नाही. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये कर्नलांनी सत्ता बळकावली, तेव्हा समुदायाने ग्रीसबरोबरचा करार गोठवला. त्याच काळात नाटोने मात्र त्या कर्नलांना बाहेर काढलं नाही. एकाच खंडात, बहुतेक त्याच देशांच्या दोन संघटना, आणि लोकशाहीबद्दल दोन वेगळे कायदे! नाटोला तळ हवे होते. समुदायाला बाजार आणि विश्वास. ज्याला आपल्याकडून काही हवंय त्याच्यापुढेच अट घालता येते, आणि ज्याच्याकडून आपल्याला काही हवंय त्याच्यापुढे जीभ जड होते. या विषयातलं निम्मं गणित यात आलं.

पोर्तुगालने २८ मार्च १९७७ रोजी सदस्यत्वासाठी अर्ज केला. प्रवेश मिळाला १ जानेवारी १९८६ ला. ही जवळजवळ नऊ वर्षं वाया गेली नाहीत. १९८२ च्या घटनादुरुस्तीत सरकारवर लक्ष ठेवणारी लष्करी क्रांती परिषद बरखास्त झाली आणि घटनात्मक न्यायालय स्थापन झालं. सैन्य बराकीत परतलं. हे ब्रुसेल्सच्या, म्हणजे समुदायाच्या मुख्यालयाच्या, दबावाने झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. ते पोर्तुगीज पक्षांना स्वतःलाच हवं होतं. पण ज्यांना ते हवं होतं त्यांच्या हातात एक बिनतोड मुद्दा होता: हे केलं नाही तर युरोपात जाता येणार नाही. लष्करातल्या नाराजांनाही, व्यापाऱ्यांनाही, परदेशी मजुरी करणाऱ्या लाखो पोर्तुगीजांच्या घरच्यांनाही हा मुद्दा कळत होता.

पोर्तुगालचा अनुभव अमेरिकेनेही टिपला. ८ जून १९८२ रोजी रोनाल्ड रीगन यांनी लंडनमध्ये ब्रिटिश संसद सदस्यांपुढे भाषण करून लोकशाहीच्या पायाभूत संस्था जगभर उभारायला मदत करण्याचा संकल्प सोडला, आणि पुढच्याच वर्षी नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी ही संस्था निघाली. नमुना जर्मन प्रतिष्ठानांचाच: पैसा अमेरिकी काँग्रेसचा, कारभार खासगी मंडळाचा, आणि खाली दोन पक्षांच्या, एक उद्योजकांची आणि एक कामगारांची अशा चार संस्था. ती काढण्यामागे एक लाजिरवाणं कारणही होतं. त्याआधी हेच काम सीआयए ही अमेरिकी गुप्तचर संस्था गुपचूप करत असे. १९६७ मध्ये ते उघडकीला आलं, तेव्हा मुंबईतही खळबळ उडाली. कारण ज्या आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संघटनेला सीआयएचा पैसा मिळत होता, तिच्या भारतीय शाखेचं काम मुंबईतून चाले आणि ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिकही तिच्याच आधाराने निघत होतं. नवी संस्था स्थापण्यात पुढे असलेले ॲलन वाइनस्टाइन यांनी १९९१ मध्ये मोकळेपणाने कबूल केलं की आम्ही आज करतो त्यातलं बरंचसं पंचवीस वर्षांपूर्वी सीआयए छुपेपणाने करत असे. त्यांना म्हणायचं होतं की आता सगळं उघड आहे. टीकाकारांनी त्यातून नेमका उलटा अर्थ काढला, आणि रशियाने २०१५ मध्ये ‘अनिष्ट संस्थां’ची यादी सुरू केली तेव्हा पहिलं नाव याच संस्थेचं होतं.

इथे भारतीय वाचकाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. एबर्ट प्रतिष्ठानाने पोर्तुगीज पक्षासाठी जे केलं, ते परक्या देशाने आपल्याकडच्या पक्षासाठी केलं तर आपल्याला चालेल का? आपला कायदा म्हणतो, नाही. १९७६ च्या परकीय देणगी नियमन कायद्याने पक्षांना आणि उमेदवारांना परदेशी पैसा घ्यायची बंदी घातली. तो आणीबाणीत आला म्हणून संशयास्पद, हे खरं. पण आणीबाणीनंतर आलेल्या सरकारांनीही तो ठेवलाच. शिवाय त्याच आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले, तेव्हा त्यांच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून जर्मनी, नॉर्वे आणि ऑस्ट्रियातल्या नेत्यांनी इंदिरा गांधींना तारा पाठवल्या होत्या. ती ढवळाढवळ होती का? माझ्या मते नाही. तुरुंगातल्या माणसाचा जीव वाचवा म्हणणं वेगळं आणि कोणी निवडून यावं यासाठी पैसे ओतणं वेगळं. पोर्तुगालमध्ये ही दुसरी रेघ ओलांडली गेली, दोन्ही बाजूंनी. निष्पन्न चांगलं झालं म्हणून आपण ते माफ करतो, एवढंच.

निष्पन्न वाईट झाल्याचं उदाहरण फार शोधावं लागत नाही. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तो मुख्यतः संहारक अस्त्रांच्या नावाखाली. ती सापडली नाहीत तेव्हा लोकशाहीचं कारण पुढे आलं. संरक्षणमंत्री होते तेच रम्सफेल्ड. मे महिन्यात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले: पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून हाकललं, दुसऱ्याने सगळं सैन्य बरखास्त केलं. शिक्षक, अभियंते, लाखो शस्त्रधारी सैनिक एका फटक्यात घरी बसले. पोर्तुगालमध्ये सैन्याने हुकूमशाही पाडली होती आणि सैन्यच हळूहळू बाजूला झालं. इराकमध्ये राज्ययंत्रणाच उरली नाही. २००५ मध्ये निवडणुका झाल्या, लोकांनी शाई लावलेली बोटं उंचावली, आणि त्यानंतर पंथापंथांत रक्ताचे पाट वाहिले.

युरोपीय पद्धतीची सर्वांत स्वच्छ परीक्षा झाली स्लोवाकियात. १९९३ मध्ये कोपनहेगन बैठकीत सदस्यत्वाच्या लेखी अटी ठरल्या: स्थिर लोकशाही संस्था, कायद्याचं राज्य, मानवी हक्क, अल्पसंख्याकांचं संरक्षण. स्लोवाकियाचे पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांच्या मनमानी कारभारामुळे डिसेंबर १९९७ मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत पोलंड, हंगेरी, झेक प्रजासत्ताक यांना वाटाघाटींना बोलावलं, स्लोवाकियाला वगळलं. शेजारी पुढे गेले आणि आपण मागे राहिलो, हे तिथल्या मतदाराला झोंबलं. १९९८ च्या निवडणुकीत ८४ टक्के मतदान झालं, मेचियार यांची सत्ता गेली, आणि २००४ मध्ये स्लोवाकिया शेजाऱ्यांबरोबरच युनियनमध्ये दाखल झाला. फौज नाही, निर्बंध नाहीत. फक्त ‘अजून नाही’ एवढं उत्तर.

पण मग हंगेरी? २००४ मध्ये सदस्य झाला, २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान पुन्हा पंतप्रधान झाले, आणि त्यानंतर न्यायालयं, माध्यमं, मतदारसंघ, सगळ्यांची फेरमांडणी सत्ताधाऱ्यांच्या सोयीने झाली. युरोपीय संसदेने २०१८ मध्ये युनियनच्या करारातल्या कलम ७ ची कारवाई सुरू केली. शेवटपर्यंत नेली तर सदस्याचा मताधिकार काढून घेता येतो, पण त्यासाठी बाकी सगळ्या देशांचं एकमत हवं, आणि ओर्बान यांना एक मित्र पुरेसा होता. २०२२ मध्ये निधी रोखण्याचा मार्ग निघाला, तोही रडतखडत. लग्न ठरेपर्यंत मुलाकडचे सगळं ऐकतात, नंतर कोण विचारतो, तसं हे आहे. या एकमताच्या टेबलाच्या, म्हणजे सदस्य देशांच्या नेत्यांच्या युरोपीय परिषदेच्या, अध्यक्षपदी डिसेंबर २०२४ पासून बसले आहेत पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियो कोश्ता. त्यांचे वडील ऑर्लांदो द कोश्ता मडगावात वाढले आणि लिस्बनला गेल्यावर त्यांना सालाझारच्या पोलिसांनी तुरुंगात टाकलं होतं.

अमेरिकेने तर २०२५ मध्ये हे दुकानच आवरायला घेतलं. परदेशी मदत गोठली, ती मदत वाटणारी यूएसएआयडी ही सरकारी संस्था १ जुलै २०२५ पासून मोडीत निघाली, आणि जगभरातल्या निवडणूक निरीक्षणाच्या, स्वतंत्र वृत्तसंस्थांच्या कामांचे पैसे एकाएकी थांबले. ज्यांनी परक्या पैशावर संसार मांडला होता त्यांची फरफट झाली.

राहता राहिला भारत. दिल्लीची रीत पहिल्यापासून अशी की मागितलं तर देऊ, शिकवायला जाणार नाही. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक घेऊन दिली. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीला सुरुवातीलाच एक कोटी डॉलर देणाऱ्यांत भारत होता. पण रीत कितीही सौम्य असली तरी शेजारात ती पुरत नाही. १ फेब्रुवारी २००५ ला नेपाळचे राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली, तेव्हा भारताने शस्त्रपुरवठा थांबवला, आणि नोव्हेंबरात नेपाळचे सात पक्ष आणि माओवादी यांच्यातला बारा कलमी समझोता झाला तो दिल्लीत. त्याची परिणती राजेशाही जाण्यात झाली. तिथेही रस्त्यावर उतरले ते नेपाळीच.

म्यानमारच्या बाबतीत मात्र आपली जीभ जड झाली. १९९३ चा नेहरू पुरस्कार नजरकैदेतल्या आंग सान स्यू ची यांना देणारा भारत, फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या निषेधाच्या ठरावावर तटस्थ राहिला. कारणं खरी आहेत: ईशान्येकडच्या बंडखोरांचे सीमेपलीकडचे तळ, चीनचा वाढता हात, आणि कोलकात्याहून सित्वे बंदरामार्गे मिझोरमपर्यंत माल नेणारा कलादान प्रकल्प. जनरलांना दुखवलं तर हे सगळं अडचणीत येईल, असा हिशेब होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कलादान मार्गावरचं पलेत्वा शहर अराकान आर्मी या बंडखोर संघटनेने जनरलांकडून हिसकावून घेतलं. आता तो रस्ता पुरा करायचा तर दिल्लीला त्यांच्याशी बोलणं भाग आहे, ज्यांच्याशी बोलायचं तिने इतकी वर्षं टाळलं.